दोन वर्षांचं घासणं

ठमीला शूच्या जागी सारखी खाज सुटायची, म्हणून दोन वर्षं आई तिला घासत होती. पहिल्या डॉक्टरांनी न बघताच सांगितलं, "स्वच्छता ठेवा." दुसऱ्यांनी जंतांचं औषध दिलं, तिसऱ्यांनी बुरशीचं. शाळेतल्या बाईंनी तर चारचौघांत सुनावलं, "मुलगी सारखी खाजवते, घरी जरा लक्ष द्या." आई पडली सांगकामी. कुणी ठासून बोललं की हिची मान डोललीच. मग काय, जंतुनाशक साबण, गरम पाणी आणि रडून रडून बेजार झालेली सात वर्षांची पोर.

चौथी डॉक्टर खास लहान मुलींच्या अशा दुखण्यांची होती. तिने आधी ठमीलाच विचारलं, "बघू का? आई इथेच आहे. नको वाटलं तर सांग, मी थांबेन." ठमी "हो" म्हणाल्यावर तिने मिनिटभर पाहिलं, मग जुने कागद चाळले. चाळता चाळता तिचा चेहरा लाल झाला.

"हा त्वचेचा जुनाट आजार आहे. शूच्या जागेची कातडी पांढरी, पातळ पडलीय, म्हणून खाज. जंत नाहीत, बुरशी नाही, कुणाचा दोष नाही. साबणाने उलट चिघळलंय. तिघांपैकी एकाने तरी बघायला काय झालं होतं?" तिने मलम लिहून दिलं. "जोरदार आहे. मी दाखवते तेवढंच लावा, रोज एकदा, तीन महिने. मधेच सोडलंत तर व्रण पडतील, आणि ते मग कधी जात नाहीत."

दुकानात औषधवाल्याने चिठ्ठी वाचली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "स्टेरॉइड? नाजूक जागी? एवढ्याशा पोरीला? हे साधं क्रीम न्या, आणि स्वच्छता ठेवा!"

आईची मान सवयीने डोलायला निघाली होती. ती तिथेच अडली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, तुम्ही तपासलंत हिला? न बघता सांगणारे तीन झाले, तुम्ही चौथे होऊ नका. शंका असेल तर डॉक्टरांना फोन लावा. नाहीतर लिहिलंय ते द्या!"

त्याने फोन लावला, चार वेळा "हो मॅडम" म्हटलं आणि मुकाट्याने मलमाची ट्यूब पुढे सरकवली.

ठमीने आईचा हात ओढला. "आई, म्हणजे मी घाणेरडी नव्हतेच?"

आई तिच्यासमोर खाली बसली. दोन वर्षं लेकरू हे मनात धरून बसलं होतं.

"कधीच नव्हतीस," ती मोठ्याने म्हणाली. रांग ऐकत होती, ऐकू दे. "चुकलं माझं, बाळा."