उभ्यानं घेतलेला चहा

कडूबानं अंगठ्यानं पॅड दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. बागेतली मोसंबी तो अशीच पारखायचा, पण मोसंबी पारखताना समोर परक्या घरची सून उभी नसायची.

सगळा घोटाळा तिथंच झाला होता. जालन्यातल्या जुगलकिशोर शेठच्या या दुकानातून हसनाबादला त्याच्या घरी वीस वर्षं कपडा जात होता. आजचं काम शेठच्या कानात सांगून उरकायचं, असं ठरवून तो आला होता. नेमके शेठ लग्नाला गेलेले आणि गल्ल्यावर त्यांची सून पलक. कडूबानं आधी टॉवेल मागितला, मग बनियन मागितलं, मग बाहेर जाऊन मोटारसायकल नीट लावलीय का ते बघून आला. शेवटी पंख्याकडं बघत त्यानं सांगितलं, की गावातल्या एका पोराला ती सायकलवाले घालतात तसली गादीची चड्डी पाहिजे.

पलकनं पोराचं वय विचारलं नाही. किती लांब जायचंय, एवढंच विचारलं.

"पुण्याला. सव्वातीनशे किलोमीटर धरा," कडूबा म्हणाला.

सायकलवाल्या पोरांनी परवाच सगळा माल उचलला होता, दोनच उरल्या होत्या. जेलच्या पॅडची दिसायला ऐटबाज, पण बारक्या पोरांच्या मापाची, तिच्यात कडूबाची मांडी काही शिरली नसती. दुसरी फोमची, मोठ्या मापाची. पॅड फार मऊ असलं तर तासाभरात चपटं होतं, हे जरा टणक आहे म्हणून टिकेल, असं पलकनं समजावलं. शिवणी टोचत नाहीत ना, ते त्याला हात फिरवून बघायला लावलं. याच्या आत दुसरं काही घालायचं नाही, हेही तिनं औषधाची वेळ सांगावी तसं सरळ सांगून टाकलं. कडूबाचे कान तापले.

"आणि पोराच्या मागं कोण बसणार?"

"आमच्या आकांक्षाची माय," कडूबा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

पलकनं हसू आवरलं.

"मंग त्यांचं काय, काका? मागची सीट तर जादा कडक राहते."

"तिचं काय न्हाई. तिनं कधी शब्द काढला न्हाई."

पलक पिशवी शोधायला वळली आणि कडूबा हातातल्या चड्डीकडं बघत राहिला.

कडूबाच्या बायकोला, नंदाबाईला, बस लागायची. स्टँडवरच्या डिझेलच्या वासानंच तिचं डोकं धरायचं, रेल्वेतही तीच गत. त्यामुळं लग्नापासून ती कुठं गेली असेल तर नवऱ्याच्या मोटारसायकलवर. पुण्यात दिलेल्या लेकीला, आकांक्षाला, डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही, बाळंतपण पुण्यातच झालं, तेव्हाही दोघं असेच निघाले होते. नेवासा फाट्यावर कडूबाला पुढं बसवेना. पण तसं बायकोला सांगणार कसं? त्यानं क्लचप्लेट गेल्याचं सांगितलं आणि गाडी माघारी वळवली. नंदाबाईनं अजून नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. आता रविवारी बारसं होतं, आणि या वेळी माघारी यायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

फाट्यावरच्या हॉटेलात त्या दिवशी नंदाबाईनं चहा उभ्यानंच घेतला होता. बाक रिकामा होता, तो बस म्हणाला होता. "उभ्यानं चहा बरा लागतो," असं म्हणून ती हसली होती. आता आठवलं, तर फुलंब्रीलाही ती उभीच होती. मागं जालन्याला, बदनापूरला, लग्नकार्याला जिथं जिथं गाडी थांबली, तिथं ती उभीच होती. कडूबाला स्वतःची लाज वाटली.

"ही एकच हाय का?"

"दुसरी आठ दिवसांनी येईल. लेडीजची थोडी वेगळी असते, पण एका दिवसाला हीसुद्धा चालेल."

त्यानं काही विचारलं नव्हतं, तरी उत्तर बराबर मिळालं होतं.

"मंग बांधा. त्या पोराला नको आता," कडूबा म्हणाला.

शनिवारी सकाळी त्यानं नंदाबाईला सांगितलं, की दोन आणल्या होत्या, माझी मी घातली. नंदाबाईनं लुगड्याखाली ती चढवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि इतकी हसली, की तिला ओट्यावर बसावं लागलं. मग बाळासाठी शिवलेली गोधडी पिशवीत घालून ती मागं बसली.

फुलंब्रीपर्यंत कडूबानं गाणी म्हटली. संभाजीनगर ओलांडल्यावर गाणी थांबली. फाट्यावर पोचेपर्यंत तो सीटवर कधी डावीकडं, कधी उजवीकडं सरकत होता. मागं मात्र नंदाबाईची टकळी चालूच होती, एवढी ती गाडीवर कधी बोलली नव्हती.

त्याच हॉटेलात ती ऐसपैस बाकावर बसली आणि भजी मागवली. कडूबा खांबाला टेकून उभा राहिला.

"बसा की."

"उभ्यानं चहा बरा लागतो."

नंदाबाईचा ग्लास ओठाशीच थांबला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, अगदी खालपर्यंत नीट पाहिलं. मग निवांत चहा संपवला, उठली आणि पिशवीतून गोधडी काढली. तिच्याच मऊ झालेल्या लुगड्यांची ती गोधडी तिनं चौघडी करून पुढच्या सीटवर अंथरली आणि वर दोन थापट्या मारल्या.

"बाळाची हाय ती," कडूबा म्हणाला.

"बाळ पुण्यात हाय. तिथवर तर पोचायचं का न्हाई? बसा."

कडूबा बसला. त्याला एकदम बरं वाटलं, आणि ते फक्त गोधडीमुळं नव्हतं. मागं नंदाबाई बसली, तिनं पदर खोचला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"क्लचप्लेट कशी हाय आता?" तिनं विचारलं.

कडूबानं आरशात पाहिलं. ती रस्त्याकडं बघत होती.

"बिलकुल बराबर हाय," तो म्हणाला आणि त्यानं गाडी नगरच्या रस्त्याला लावली.