तेल बंद झालेलं घर

मित्रांनो, तोटीला डाग पडलेली, पोटाला पोचा आलेली ही पितळी किटली एकेकाळी रोज चुलीजवळ असायची, असं सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण मीच ती. तेलाची किटली.

मला घडवलं एका पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, उरलेल्या पितळी पत्र्यातून, बायकोसाठी. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "तोटी जरा वाकडी झालीय हो."

"वाकडी नाही, बारीक ठेवलीय. तुझा हात सढळ आहे ना, म्हणून!" तो हसत म्हणाला.

पुढची अठरा वर्षं मी राबले. कांदा परतताना, बटाटे खरपूस करताना, दाराची बिजागरी कुरकुरली तरी मलाच हाक. जेवताना तो बोटं चाटायचा आणि ती लटक्या रागाने म्हणायची, "पुरे, पोट बघा केवढं सुटलंय!" त्यांची एकुलती एक मुलगी गुबगुबीत होती. सगळे तिला लाडाने ठमी म्हणत. शाळेत मात्र त्याच नावाने तिला चिडवत, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मग एके दुपारी शिडीवर काम करताना कारागिराच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी त्याला तपासून चार गोष्टी सांगितल्या. तंबाखू सोडा, रोज चाला, गोड कमी करा, तेल बेताने घ्या. बायको इतकी घाबरली होती की तिच्या मनात शेवटचीच गोष्ट रुतली, आणि तीही अर्धीच.

"आजपासून या घरात तेलाचा थेंब नाही," तिने जाहीर केलं आणि मला फळीच्या अगदी वरच्या टोकाला ठेवून दिलं. शेंगदाणे गेले, अंड्यातला पिवळा बलक गेला, दुधावरची साय गेली. उकडलेल्या भाज्या तेवढ्या राहिल्या.

कारागीर दोन घास खाऊन उठायचा आणि तासाभराने भुकेने कासावीस व्हायचा. मग गोड चहा, पाव आणि मुरांबा. "यात कुठे तेल आहे?" असं म्हणत बायको स्वतःच वाढायची. तंबाखूची डबी खिशात होतीच. चालायला तो कधी गेलाच नाही. वजन उतरायच्या ऐवजी चढलं.

"चोरून तळलेलं खाता ना बाहेर?" तिने एकदा विचारलं.

"नाही गं. तुझी शपथ." त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "आज एवढा एक कांदा परतून दे ना."

"जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" ती कडाडली.

त्याच आठवड्यात तो गेला.

मित्रांनो, एका परतलेल्या कांद्याने तो वाचला नसता. पण "त्यांना मी उपाशी पाठवलं" हे वाक्य ती माऊली भिंतीशी बोलत राहिली. ठमी ते ऐकत होती. तिने मनाशी वेगळीच गाठ बांधली: बाबांना चरबीने मारलं, आणि माझ्या अंगावरही तीच आहे.

तिने आधी दूध सोडलं, मग जेवणच अर्ध्यावर आणलं. शेजारणी म्हणायच्या, "काय छान बारीक झालीस गं!" कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. ऐन उन्हाळ्यात तिचे हात गार पडायचे. एक दिवस शाळेच्या मैदानात ती कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवलं. "तेल म्हणजे विष नव्हे. शरीराला ते लागतंच. कोणतं आणि किती, एवढंच बघायचं. पण हिचं दुखणं आता तेलापुरतं राहिलेलं नाही. वेळ लागेल. दर आठवड्याला घेऊन या."

घरी आल्यावर आईने स्टुलावर चढून मला खाली काढलं. माझ्यावर बोटभर धूळ होती. ती तिने पदराने पुसली. तिने भाजीत चमचाभर तेल घातलं आणि ठमीसमोर ताट ठेवलं. ठमी त्या चकाकीकडे बघत राहिली. मग कागदाने एकेक फोड पुसू लागली.

"आई, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटायची," आई म्हणाली. "मीच ती तुला दिली, बाळा."

त्या दिवशी ठमीने एक घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी एकही नाही. काल तीन.

मित्रांनो, मला सढळ हाताने ओतू नका, पण माझ्या नावाने घर उपाशीही ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नीट ऐका. कुणाच्या शरीराच्या बांध्यावरून त्याला नाव पाडू नका. आणि कुणी ताटातली फोड पुसताना दिसलं, तर हसू नका, रागावू नका. आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसा. ठमीची आई आत्ता तशीच बसली आहे. भाजी केव्हाच गार झाली आहे, तरी ती उठलेली नाही.