नवव्या नंबरची बॅग

मित्रांनो, या घरातल्या कपाटाखाली एक लांबोडकी निळी बॅग पडलेली असते. तिच्यावर मांजर हक्कानं झोपतं आणि केरसुणी तिला वळसा घालून जाते. ती बॅग मी. आता जुनी झाले आहे, पण एके काळी माझ्यात टेनिसच्या रॅकेटा असायच्या, आणि त्याही अशा मुलीच्या, जिचा नंबर एका वर्षाअखेर जगात नववा होता.

हे सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, "नववा? पहिला नाही?" या प्रश्नानं माझ्या शिवणी उसवतात. जगात लाखो मुली रॅकेट हातात धरतात. त्यात नववं येणं ही काय गंमत आहे? पण लोकांना कोण समजावणार!

मी एका कारखान्यात शिवली गेले. शिवणाऱ्या बाईनं शेवटचा टाका घालून माझ्या पाठीवर एक धपाटा मारून पाहिला. पुढच्या आयुष्यात जे सोसलं त्या मानानं तो धपाटा फारच मायेचा होता.

माझ्या मालकिणीला घरात ढब्बू म्हणायचे. लहानपणी ती गुबगुबीत होती, म्हणून. मोठेपणी ती वेतासारखी सडसडीत झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्यासोबत कायम असायची तिची ताई. ताई म्हणजे मोठी बहीण, तीच प्रशिक्षक, तीच तिकिटं काढणारी आणि तीच रागावणारी. ताई स्वतःही चांगली खेळायची, पण तरुणपणीच तिचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग तिनं धाकटीला घडवलं.

ढब्बूचा खेळ सुरेख होता, पण वळण म्हणून नव्हतं. ओला टॉवेल माझ्यात कोंबायचा, वर अर्धं खाल्लेलं केळं, वर घामट मोजे, आणि चेन ओढून बंद. दुसऱ्या दिवशी तीच नाक मुरडणार, की बॅगेला वास का येतो!

त्या वर्षीचा हंगाम तर माझा जीव खाऊन गेला. पहिल्याच मोठ्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, तिसऱ्या सेटमध्ये ही पाच-दोन अशी पुढे होती. एक गेम हवा होता. समोरची मुलगी पात्रता फेरीतून आलेली, तिचं नावही कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. आणि ही हरली. पत्रकारांनी एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला, आणि हिनं तिन्ही वेळा खांदे उडवले.

मग दोन महिन्यांनी हीच मुलगी एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूला सरळ दोन सेटमध्ये हरवून मोकळी झाली. ती पहिल्या नंबरची इतकी उंच होती, की ताई तिला लंबू म्हणायची. करंडकासोबत फोटो निघाले, त्यात मीही आले, उलटी पडलेली. लोक म्हणाले, आता हिला कोण अडवतंय! पुढच्याच आठवड्यात पहिल्या फेरीत कुणीतरी अडवलं. सांगा, माणसानं, म्हणजे बॅगेनं, करायचं काय?

त्यात ती क्रमवारी. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात गुण मिळवले, ते या वर्षी त्याच आठवड्यात गळून पडतात. कमावलेलं पुन्हा कमवा, तेव्हा कुठे आहात तिथे टिकाल. आणि वर्षाच्या शेवटी पहिल्या आठ जणींची एक खास स्पर्धा असते. ढब्बूला तिथे एकदा तरी खेळायचं होतं. जेवताना, झोपताना, दात घासताना तिच्या डोक्यात तेच.

मातीच्या कोर्टावरचे सामने सुरू झाले. तिथे चेंडू संथ येतो आणि सामने लांबतच जातात. दोन स्पर्धांत ती उपांत्य फेरीपर्यंत गेली. लाल माती माझ्या शिवणीशिवणीत बसली. तिथेच एकदा सर्व्हिस करताना तिचा चेहरा पिळवटला. ताईनं विचारलं तर म्हणाली, जरा अवघडलाय खांदा. त्यानंतर माझ्या आतल्या कप्प्यात, जादा नाड्यांच्या खाली, दुखणं मारायच्या गोळ्यांची पाकिटं येऊ लागली. प्रत्येक सामन्याआधी तिचा हात गुपचूप तिथे जायचा.

मित्रांनो, मला खरा वैताग आला तो इथे. गवताच्या कोर्टावर तिची सर्व्हिस कमजोर पडू लागली, उपांत्यपूर्व फेरीत गाडी अडली. ताईला वाटलं, चेंडू वर फेकायची पद्धत चुकते आहे. मग ती सकाळ-संध्याकाळ ते सुधारत बसली. जुने सामने पुन्हा पुन्हा पाहायची, स्वतःलाच बोल लावायची, की माझंच शिकवणं कमी पडतंय. ढब्बू मान हलवून हो म्हणायची आणि ताई सांगेल तसा चेंडू फेकायची. दुखण्याचं गुपित माझ्या पोटात होतं, आणि उपचार भलतीकडेच चालले होते.

वर्षातली शेवटची मोठी स्पर्धाही चौथ्या फेरीत संपली. ढब्बू नवव्या नंबरवर उभी राहिली. आता एकच स्पर्धा उरली होती, आणि तिथे उपांत्य फेरी गाठली तर आठवा नंबर तिचा होता.

उपांत्यपूर्व सामन्याच्या आधी, कपडे बदलायच्या खोलीत, ताई माझ्यात कोरडा मनगटपट्टा शोधत होती. तिच्या हाताला ती पाकिटं लागली. बरीचशी रिकामी. तिनं ती बाकावर ओळीनं मांडली.

"हे कधीपासून?"

"मातीपासून."

ताईनं एक रिकामं पाकीट उचलून पाहिलं. "आणि मी इतके महिने तुझा चेंडू फेकायचा हात सुधारत बसले? तू बघत राहिलीस?"

"सांगितलं असतं तर तू खेळू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

ढब्बू बुटाची नाडी सोडत होती, परत बांधत होती. मग म्हणाली, "तुझा गुडघा दुखत होता तेव्हा तू सांगितलंस. दुसऱ्या दिवसापासून तुला कुणी खेळायला बोलावलं नाही. मी पाहिलंय ते."

ताईनं बाकावरची पाकिटं गोळा केली. मग हळूच म्हणाली, "सांगितलं म्हणून आज चालते तरी, ढब्बू."

तिनं सामना अडवला नाही. फक्त म्हणाली, की आज गोळी घ्यायची नाही, खांदा काय म्हणतो ते नीट ऐक.

समोर लंबू होती. पहिला सेट ढब्बूनं सात-पाच असा जिंकला. दुसऱ्या सेटमध्ये हात खांद्याच्या वर जाईना. तिनं एक सर्व्हिस खालून केली, तेव्हा प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. ती क्षणभर थांबली, सरळ जाळ्यापाशी गेली आणि हात पुढे केला. पंचांनी जाहीर केलं, दुखापतीमुळे सामना सोडला. मला कोर्टाबाहेर लंबूनं नेलं, आपल्या बॅगेसोबत दुसऱ्या खांद्यावर अडकवून.

गोष्ट इथे संपली असती तर मी गप्प बसले असते. पण आठवड्याभरात फोन आला. आठांपैकी एकीचा पाय मुरगळला होता आणि तिची जागा नववीला मिळणार होती. ढब्बू तेव्हा दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून खांद्याचा व्यायाम करत होती. वर्षभर जे मागितलं ते दारात उभं होतं. ताई नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

"मी येऊ शकत नाही," ढब्बू फोनवर म्हणाली. "माझा खांदा दुखतोय. एप्रिलपासून दुखतोय."

फोन ठेवून ती रडली, ताईच्या मांडीवर डोकं ठेवून, लहान असताना रडायची तशी. तिच्या जागी दहावी गेली आणि तिनं तिथे दोन सामने जिंकलेसुद्धा. मला अजून त्याचा राग येतो. त्या दोघींनी मात्र ते सामने टीव्हीवर पाहिले, आणि दहावीच्या बॅकहँडला मनसोक्त नावं ठेवली.

ढब्बूचा खांदा सावकाश बरा झाला. पुढे ती आणखी काही वर्षं खेळली, कधी जिंकली, बऱ्याचदा हरली. पण मग तिला नवीन बॅग आली, आणि मला कुणी धुतलंसुद्धा नाही. माती अजून तशीच आहे.

तेव्हा मित्रांनो, घरी आल्यावर ओला टॉवेल बाहेर काढा, केळं खाऊन संपवा, बॅगेला दोन दिवस ऊन दाखवा. एवढं कराच. आणि काही दुखत असेल तर ते आमच्या कप्प्यांत दडवू नका. आम्ही सगळं बघतो, सगळं वाहतो, पण तुमच्या ताईला हाक मारून सांगणं काही आम्हाला जमत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.