पारूने नवस फेडला नाही

भगताने तीनदा विचारलं, "आजार गेला?" आणि तिन्ही वेळा पारू, माझी बायको, गप्प राहिली. आमच्या पोशेरा गावात रीत अशी की बऱ्या झालेल्या माणसाने गावदेवीपुढे आपल्या तोंडाने 'गेला' म्हणायचं, मग कोंबडा कापायचा, मग नवस फिटला. आणि एकदा फिटला की त्या आजारासाठी पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही. चढलात तर देवीवर तुमचा भरवसा नाही, असा त्याचा अर्थ.

नवस माझ्या आईचा, गोजाबाईचा. पारूच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा, सून बरी होईपर्यंत सुकट, म्हणजे सुकी मासळी, खाणार नाही, असं ती देवीला बोलून बसली. जिच्या घशाखाली सुकटीवाचून घास उतरत नाही, तिने पावणेदोन वर्षं मिठाशी भाकर खाल्ली. मी पंचायत समितीत शिपाई आहे, चार साहेब मला नावाने ओळखतात. पण या दोन बायांपुढे माझी काय पत्रास!

मुंबईला पारूचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. चैत्रात डॉक्टर म्हणाले, तपासात आता काही सापडत नाही, तरी दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मी विचारलं, म्हणजे गेला ना? तर म्हणे, आज दिसत नाही, एवढंच खात्रीने सांगता येतं. मला रागच आला. एवढं शिकलेला माणूस, आणि हो की नाही सांगता येऊ नये? घरी येऊन मी आईला सरळ 'गेला' असं सांगून टाकलं. चूक माझीच. त्या शब्दावर आईने भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकताच कोंबडा कापायचं ठरवलं. कोंबड्याच्या दिवशी पारूच्या पुढच्या तपासणीला दोनच दिवस उरले होते.

भगताने चौथ्यांदा विचारलं, तशी पारू आईकडे वळली.

"आय, देवीपुढं खोटा नाय बोलाचा. आज दिसत नाय, येवढाच खरा हाय."

"मंग तू बरी झालीस का नाय?"

"आपण तण जाळाला राब भाजतो, तरी नागलीच्या शेतात तण येतोच ना? म्हणून फेरी मारतो. मनापण दवाखान्यात फेरी माराची हाय. कोंबडा कापला तर मना कोण जाऊ देल?"

भगत वैतागला. माणसं कुजबुजायला लागली. माझी मान खाली गेली, कारण जे सांगायला मी घाबरलो होतो ते हिने चारचौघांत सांगितलं होतं. आईने वाकून कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली आणि देवीला म्हणाली, अजून थांब, बाय. घरी शेजारणीने ताटात वाढलेली सुकटही तिने बाजूला सारली.

तपासणीला ती आमच्याबरोबर मुंबईला आली. जन्मात पहिल्यांदा जव्हारच्या पुढे गेली असेल. डॉक्टरांनी पारूला तपासलं, कागद चाळले. मी तोंड उघडणार, तर आईने मला हातानेच गप्प केलं.

"गेला का, ता नको सांगू," ती डॉक्टरांना म्हणाली. "आज हाय का नाय?"

"आज नाही, आजी."

आईने पदराने डोळे पुसले. माझेही भरून आले, कशाला लपवू?

डॉक्टर पुढची तारीख लिहायला लागले. त्या दवाखान्यात तारखेसाठी लोक हात जोडून उभे असतात. पारूने तारीख ऐकली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "तवा भाताची कापणी असते. आठ दिस पुढची द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, लिहिलेली तारीख खोडली आणि तिने सांगितली ती लिहिली.