मेली म्हणजे बाद

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे इथे जर्मनीत, बोब्लिंगेनच्या आमच्या मराठी मंडळाला चांगलं ठाऊक आहे. तरी मंडळातल्या ऊर्मिलाने मला त्या जपानी सिनेमात काम करायला ओढलंच. खेळावरचा विनोदी सिनेमा. जपानी बायकांचा कबड्डीचा संघ जर्मनीत स्पर्धेला येतो, समोर भारतीय संघ हवा. "आम्ही खऱ्या भारतीय बायका घेतोय, रिप्रेझेंटेशन महत्त्वाचं," असं प्रॉडक्शनची जर्मन बाई म्हणाली.

मी सांगलीला कॉलेजच्या संघाची कप्तान होते. म्हटलं, अन्वीला दाखवू आई काय चीज आहे ते. नऊ वर्षांची लेक माझी, पण पालकसभेत मी जर्मन बोलायला लागले की मान खाली घालते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच. मला एकदा तरी तिच्या डोळ्यांत अभिमान बघायचा होता.

शूटिंगच्या हॉलमध्ये गेल्यावर कळलं, काय डोंबलाचं रिप्रेझेंटेशन ते. कपाळावर पापडाएवढं कुंकू लावलं. जपानी संघाची नायिका नात्सुको चढाईला आली की मी नमस्ते करायचं, मान डोलवायची, आणि तिचा हात लागला की धप्पकन बसून पाय वर करायचे. मी म्हटलं, असं कुणी खेळत नाही. दिग्दर्शक गोड हसला आणि म्हणाला, तेच तर मजेशीर आहे.

पडले. सगळे हसले. पुन्हा पडले. बाकावर बसलेली अन्वीही हसली, तोंडावर हात ठेवून. पुढच्या वेळी नात्सुकोचं कोपर चुकून माझ्या ओठावर बसलं आणि रक्त आलं. "रक्त राहू दे," दिग्दर्शक म्हणाला, "अजून मजा येईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेला खड्ड्यात तुमचा सिनेमा.

नात्सुको परत आली, कबड्डी कबड्डी करत, हात पुढे केलेला. मी नमस्ते केलं नाही. वाकून तिचा घोटा धरला, खांदा पोटात घातला आणि उचलून मॅटवर आपटली. तिचा दम तुटला. तिथे सोडायला हवं होतं. मी तिचा हात मागे पिरगळला आणि पाठीवर गुडघा दिला. खांद्यातून कट् असा आवाज आला. जुन्या सवयीने ऊर्मिला आणि बाकीच्या ओरडल्या, "मेली, मेली!"

नात्सुको उठली नाही. नाकातून रक्त मॅटवर पसरत होतं आणि ती बारीक आवाजात कण्हत होती. हॉलमध्ये कुणीही हसत नव्हतं. खरं सांगते, क्षणभर मला फार बरं वाटलं.

मी अन्वीकडे पाहिलं. ती बाकावरून उठली होती, पांढरीफटक पडली होती.

"आई, तू मारलंस तिला?"

मराठीत विचारलं. किती दिवसांनी.

"नाही गं. मेली म्हणजे बाद. खेळात तसंच म्हणतात," मी म्हटलं आणि तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरले. मी तिच्यावर कधीच हात उचललेला नाही.