सात नंबरच्या प्रेसचे चार मसुदे

मसुदा पहिला
सात नंबरच्या प्रेसचा सेन्सर बंद आहे. हात आत असला तरी प्रेस खाली येते. दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.
– कृतिका, सुरक्षा अधिकारी, फरीदाबाद

उन्मेषसर, तिचे साहेब:
"कृतिका, हा काय व्हॉट्सअॅप मेसेज आहे? हेड ऑफिसला जाणार हे. थोडं वजन आण, यार."

(दरम्यान मशीन चालवणारी सरला सात नंबरवर. पत्रा आत, हात बाहेर. पत्रा आत, हात बाहेर.)

मसुदा दुसरा
सात क्रमांकाच्या प्रेसच्या सुरक्षाप्रणालीत त्रुटी आढळली असून उत्पादन थांबवण्याचा विचार व्हावा.

"'थांबवणं' खटकतं. आणि त्रुटी कुणाची? आपलीच ना?"

मसुदा तिसरा
यातून 'प्रेस' हा शब्द उडाला. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

(पत्रा आत.)

मसुदा चौथा
यंत्रसामग्रीच्या सुरक्षाविषयक कार्यक्षमतेत सुधारणेस वाव असून, उत्पादनाच्या सातत्यास बाधा न येता यथावकाश यथोचित कार्यवाही इष्ट ठरेल.

"बिल्कुल! आता रिपोर्ट वाटतो."

कारखान्याचा एक नियम आहे. सुरक्षेचा रिपोर्ट वर पाठवण्याआधी मशीन चालवणाऱ्याला हिंदीत वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. बहुतेक जण नुसती सही घेतात. कृतिकाने वाचला. 'यथोचित'पाशी ती दोनदा अडखळली.

सरलाने हातमोजे काढून मन लावून ऐकलं.
"अच्छा. मतलब मशीन ठीक है, मैडम?"
"नहीं... मतलब, सुधार की गुंजाइश है."
"वो तो मेरे आदमी में भी है. हाथ डालूँ कि नहीं?"

कृतिकाने कागदावर उत्तर शोधलं. उलटून मागची बाजूही पाहिली.
"मत डालो," ती म्हणाली.
"तो यही लिख देतीं."

सरलाने लाल बटण दाबलं. मग सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

चार मिनिटांत उन्मेषसरांचा फोन.
"सात नंबर का थांबली? हेड ऑफिस लाइनवर आहे! लगेच रिपोर्ट दे. आणि ऐक, सरळ लिही. तीन ओळींत. त्यांना कळलं पाहिजे, प्रॉडक्शन बंद आहे!"

कृतिकाने पहिला मसुदा उघडला. वर फक्त विषय घातला: 'उत्पादन थांबण्याचे कारण'.

मेकॅनिक जेवणाच्या सुट्टीआधी आला. सोबत हेड ऑफिसचा शेराही: अहवाल उत्तम. भाषा नेमकी. उन्मेष यांचे अभिनंदन.