काजवालीचे सहा चमचे

लठ्ठ माणसाच्या ताटावर जगाचा फार डोळा असतो. घरचे म्हणतात, "अजून थोडं घे," आणि बाहेरचे म्हणतात, "अजून घेतोस?" यातला एकही माणूस त्याला, "बाबा रे, तुला त्रास काय होतोय?" असं विचारत नाही.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कॉलरच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला हे पुरतं ठाऊक होतं. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. बाकी सगळे तिला ढब्बू म्हणत, आणि वर, "प्रेमानं म्हणतो हो," असंही म्हणत. चेष्टा करणाऱ्याला आपलं प्रेम नेहमीच दिसतं. जिची चेष्टा होते तिला ते शोधावं लागतं.

वजन एकशे अठरा किलो होतं. जिना चढताना गुडघे जीव काढायचे आणि झोपेत श्वास अडकायचा. तीन डॉक्टर झाले, सतरा प्रकारचं पथ्य झालं. उतरलेलं वजन व्याजासकट परत यायचं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हा आळस नाही, आजार आहे. जठर कापून लहान करावं लागेल." तिनं मन घट्ट केलं आणि होकार दिला.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हे बघ, कुणी विचारलं तर पित्ताचे खडे काढले म्हणून सांगायचं. पोट कापून बारीक झाली म्हटलं की लोक काय म्हणतील? खाणं आवरेना म्हणून कापावं लागलं, असंच ना!"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "आई म्हणते ते काही अगदीच चूक नाही," तो म्हणाला. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की हे गृहस्थ नेहमी बसूनच घेत.

दहा महिन्यांत बेचाळीस किलो वजन उतरलं. तेवढं लोकांना दिसलं. कंगव्यात मुठी-मुठीनं येणारे केस दिसले नाहीत. अंगावरची सैल कातडी रिकाम्या अभ्र्यासारखी लोंबायची, ती दिसली नाही. एक घास जास्त झाला की छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं. गोड खाल्लं की दरदरून घाम फुटून आडवं पडावं लागायचं. सासूबाई हौसेनं काहीतरी करायच्या आणि ही दोन घासांत हात आखडायची, की त्या भांडी जरा जास्तच जोरात घासायच्या.

नवऱ्याचं वेगळंच होतं. पूर्वी तो रस्त्यानं हिच्या चार पावलं पुढे चालायचा. आता शेजारून चालू लागला. मैत्रिणींना वाटलं, बाईचं नशीब उघडलं! तिला मात्र ती जुनी चार पावलं डाचत राहिली. एकदा तिनं विचारलंच, "तेव्हा माझी लाज वाटायची ना हो?"

"आता कशाला उकरून काढतेस?" तो म्हणाला. विषय मिटला, म्हणजे त्याच्यापुरता मिटला.

कारखान्यात मात्र तिचा भाव वधारला. ढब्बूची 'मॅडम' झाली. सुपरवायझर बाईंनी तर सगळ्यांदेखत विचारलं, "काय जादू केलीस गं?"

"जादू कसली? रोज चालले. तोंडावर ताबा ठेवला," ती म्हणाली.

पहिल्यांदा हे बोलताना तिची जीभ अडखळली. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तर तिनं त्यात पहाटेचं गरम पाणीही घातलं! तिला लबाड म्हणू नका. जन्मभर टोमणे खाल्लेल्या माणसाला कौतुकाची भूक किती असते, ते पोट लहान करणाऱ्या डॉक्टरांना तरी कुठून कळणार?

तिच्या शेजारच्या मशीनवर काजवाली बसायची. शर्टाला काजं पाडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकोणतीस वर्षांची, अंगानं भरलेली, हसरी पोर. वडील नव्हते, आई आजारी माणसांची घरोघरी जाऊन शुश्रूषा करायची. काजवालीला मधुमेह होता, दोन वेळा गोळ्या चालू होत्या. सुपरवायझर बाई येता-जाता तिला ऐकवू लागल्या, "हिच्याकडून शीक जरा! मनात आणलं तर काय होत नाही?"

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत काजवाली डबा उघडून तिला अगदी खेटून बसली. "ताई, तू किती खातेस ते मोजू दे मला."

"मोज की," ती हसून म्हणाली.

काजवालीनं मोजलं. सहा चमचे! तिनंही आपल्या डब्यातले सहा चमचे खाल्ले आणि उरलेला डबा बायकांत वाटून टाकला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बायका टाळ्या वाजवायच्या. एकीच्या पोटात सहाच चमच्यांची जागा होती आणि दुसरीच्या पोटात अख्ख्या डब्याची, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना काय माहीत? शिवाय मॅडम दुपारी इस्त्रीच्या खोलीत जायची, कापडाच्या गठ्ठ्यांमागे लपवलेला डबा काढायची आणि डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पूड पाण्यात कालवून प्यायची. जीवनसत्त्वांच्या गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती. काजवालीच्या वाट्याला फक्त सहा चमचे आले होते.

महिन्याभरात काजवालीचे हात थरथरू लागले. एकदा तर तिला मशीनवरच घाम फुटला.

"अगं, पोटभर जेव. तुला नाही हे झेपायचं," मॅडम घाबरून म्हणाली.

"तुला झेपलं, मग मला का नाही? तुझं बेचाळीस किलो गेलं, माझं सहासुद्धा नाही. माझ्यातच खोट आहे, ताई. भूक लागली की मला स्वतःचीच शिसारी येते."

खरं बोलायची हीच वेळ होती. शब्द ओठांवर आले होते! पण तेवढ्यात सुपरवायझर बाई शेजारून गेल्या, आणि तिनं आलेले शब्द गिळून टाकले.

त्यानंतर आठवड्याभरातच एका सकाळी काजवाली कामावर आली नाही. काजांवाचून शर्टांचा ढीग साचला, पुढचं बटणांचं मशीन बंद पडलं, सुपरवायझर बाईंचा पारा चढला. दुपारी फोन आला. काजवालीची आई भल्या पहाटे कामावर गेली होती, तेव्हा पोर झोपलीय असं तिला वाटलं. दुपारी परत आली तर पोर न्हाणीघरात पडलेली, तोंडाला फेस, हाक मारावी तर ओ नाही.

मॅडम आणि इस्त्रीवाले काका धावतपळत दवाखान्यात पोचले. काजवाली आत होती. बाहेर तरुण डॉक्टर तिच्या आईला विचारत होते, "रक्तातली साखर पार तळाला गेली होती आणि बराच वेळ तशीच राहिली. नेहमीच्या गोळ्यांनी असं सहसा होत नाही. तिनं मुद्दाम जास्त गोळ्या घेतल्या का? घरात भांडण? काही निराशा?"

"मुद्दाम?" म्हातारीला शब्दच कळेना. मग कळला, आणि ती मटकन खाली बसली. "माझ्या पोरीनं जीव द्यावा असं काय झालं होतं हो? मी काय कमी केलं तिला?"

"ती जेवत होती ना नीट?"

"सकाळी म्हणायची, डब्यात जास्त दे, कारखान्यातच जेवते. संध्याकाळी म्हणायची, उशिरा खाल्लं, भूक नाही."

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. "तुम्ही बरोबर काम करता ना? तुम्हाला काही कल्पना?"

"नाही," मॅडम म्हणाली. "मला काही माहीत नाही."

एवढं बोलून ती बाहेर व्हरांड्यात आली आणि कठडा धरून उभी राहिली. पाठोपाठ काका आले. सत्तरीचा माणूस, जन्मभर वाफेत उभं राहून चेहरा काळवंडलेला. बोलणं कमी, पण बोलले की सरळ.

"पोरी, माझ्या गठ्ठ्यांमागे तुझा डबा कधीपासून आहे?"

ती दचकली. "तुम्हाला माहीत होतं?"

"डब्यावर दवाखान्याचं नाव आहे, गोळ्यांच्या पाकिटावर आहे. मला वाचता येतं. म्हटलं, तुझी गोष्ट, तू सांगशील तेव्हा सांगशील. माझंही चुकलंच, मी विचारायला हवं होतं."

"काका, मी कुणाचं वाईट केलं नाही हो. मी फक्त माझं झाकलं."

काकांनी तोंडातली वरची कवळी काढून हातावर ठेवली. मग परत बसवली. "ही सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. समजा, मी लपवली असती आणि तुम्हाला सांगितलं असतं, की रोज दगडी सुपाऱ्या फोडतो म्हणून या वयात माझे दात असे घट्ट आहेत! फोडल्या असत्यास ना तू? दात पडले असते तुझे, आणि मी म्हणालो असतो, मी फक्त माझं झाकलं."

ती रडू लागली. "लोक काय म्हणतील, काका? फसवलं म्हणतील. फुकटचं बारीक झाली म्हणतील."

"म्हणतील. दोन दिवस म्हणतील, दहा दिवस म्हणतील. आणि ती आत बसलेली आई? पोरीला मरायचं होतं असं समजून ती किती दिवस जगेल? अगं, कुणी डोळ्याचं ऑपरेशन लपवतं का? हृदयाचं लपवतं का? मग पोटाचंच का? लाज तुला वाटायला नको होती. तुला लाज वाटायला लावणाऱ्या आम्हा सगळ्यांना वाटायला हवी होती. पण आज तू गप्प बसलीस, तर ती लाज तुझी झाली. कायमची!"

त्या एका शब्दानं तिच्या मनातलं काहीतरी तुटलं. ती वळली आणि तरातरा आत गेली. सांगताना तिचा आवाज इतका चढला होता की बाकांवरचे लोक वळून पाहू लागले.

"डॉक्टर, ती जीव देत नव्हती! ती माझं बघून सहा चमचे खायची. बाकीचा डबा वाटून टाकायची. मी चालून बारीक झाले नाही. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय. मी सगळ्यांना खोटं सांगितलं, तिलाही!"

डॉक्टर लगबगीनं आत गेले. म्हातारी तशीच बसून होती. ती शिव्या देईल, मारायला धावेल, असं मॅडमला वाटलं. देवा, मारलं असतं तर बरं झालं असतं! पण म्हातारी हळूच एवढंच म्हणाली, "म्हणजे माझी पोर चांगलं जगायलाच बघत होती."

काजवाली वाचली, पण पूर्वीसारखी राहिली नाही. बोलताना शब्द चुकायचे. उजव्या हाताच्या बोटांत सुई ठरेना. व्यायामानं थोडा फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले. किती, ते म्हणाले नाहीत.

नवव्या दिवशी ती नीट शुद्धीत आल्यावर मॅडमनं तिच्या खाटेजवळ बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. काजवाली छताकडे बघत ऐकत होती. मग तिनं एकेक शब्द जुळवत विचारलं, "मग मी... इतके दिवस... स्वतःला शिव्या देत होते... त्या कशाला?"

मॅडमनं तिचा हात धरला. काजवालीनं तो सोडवून घेतला. क्षमा मागितली म्हणून मिळतेच असं नाही, आणि मॅडमनंही ती पुन्हा मागितली नाही.

घरी येऊन तिनं सासूबाईंना आणि नवऱ्याला समोर बसवलं. "उद्या मी कारखान्यात सगळ्यांना सांगणार आहे. ज्याला लाज वाटेल त्यानं खुशाल चार पावलं पुढे चालावं."

सासूबाई भांडी घासायला उठल्या. नवरा मान खाली घालून म्हणाला, "चुकलंच माझं." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आईकडे न बघता वाक्य पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं उभं राहून सांगितलं. दोघीतिघी कुजबुजल्या. एक जण तोंडावरच म्हणाली, "एवढं नाटक कशाला केलंस मग?" सुपरवायझर बाई म्हणाल्या, "आम्ही आपलं भल्यासाठीच बोलत होतो तिला."

"नाही बाई," ती म्हणाली. "भलं करायचं असतं तर मी, तुम्ही, कुणीतरी तिला डॉक्टरांकडे नेलं असतं. आपण तिला नुसतं बोललो." आणि मग तिनं सगळ्यांसमोर आपली पूड पाण्यात कालवली.

वाचकहो, लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावरची शस्त्रक्रिया हा उपचार आहे. त्यात पळवाट नाही, पराक्रम नाही, आणि लाज तर मुळीच नाही. आपल्या टोमण्यांना भिऊन माणसं उपचार लपवतात, आणि त्यांचं लपवलेलं पाहून दुसरी माणसं स्वतःला दोषी ठरवत उपाशी राहतात. तेव्हा दुसऱ्याच्या अंगावर बोलण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि तुमचा देह औषधानं, शस्त्रक्रियेनं सावरला असेल, तर तसं मोकळेपणानं सांगा! तुमच्या शेजारी बसलेलं कुणीतरी तुमचं खोटं खरं धरून आपला जीव पणाला लावत असेल. काजवालीचं मशीन आता दुसरी एक बाई चालवते. तीही मन लावून काम करते, पण काजं अजून तितकी सुबक पडत नाहीत.